कोणती खरखर?

डबीरकाकूंनी माझं पहिलं कौतुक केलं ते मी गप्प राहिले म्हणून.

मी नागपूरच्या रामदासपेठेत खोली शोधत फिरत होते. सावनेरच्या पुढच्या आमच्या गावातून रोज कॉलेजात येणं-जाणं जमत नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे खोली कशी मागायची, आधी काय विचारायचं, हे सांगणारंही कोणी नव्हतं. काकूंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काय पाहिजे?" मला शब्दच सुचेनात. मी बोटानं गेटवरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी दाखवली.

"बोलत नाहीस का?"

मी नुसती मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाही माहीत नव्हतं.

"छान. राहा. आधीची मुलगी फोनवर बोलायची ते अंबाझरी तलावापर्यंत ऐकू जायचं."

त्या दिवसापासून माझं नाव 'सावनेर' पडलं. खरं नाव त्यांनी एकदा विचारलं होतं, पण ते त्यांना फारसं उपयोगाचं वाटलं नसावं.

काकूंचं वय सत्तरीच्या आसपास. काका बँकेतून निवृत्त होऊन वारलेले, मुलगा परदेशात. याहून जास्त मी कधी विचारलं नाही. तरुणपणी त्या एका ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायच्या. गणपतीत, लग्नांत, शरद पौर्णिमेच्या कार्यक्रमांत. "निवेदक सगळ्यांची नावं घ्यायचा," त्या सांगायच्या. "ढोलकवाल्याचं, बासरीवाल्याचं, माइक लावणाऱ्या पोराचंसुद्धा. माझ्यापाशी आला की म्हणायचा, आणि की-बोर्डवर आहेत आपल्या वहिनी. कोणाची वहिनी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही."

ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा त्यातली यंत्रं काकूंच्या दिवाणखान्यात आली आणि पाहुणे बसायची जागा संपली. तो जपानी सिंथेसायझर, ताल देणारा एक डबा, आवाज घुमवणारी आतून स्प्रिंगांची एक लांब पेटी, आणि सगळ्यांच्या मधोमध चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. एकाच कॅसेटवर आधी ताल, मग सिंथेसायझर, मग बासरी, मग गाणारा, असे चार आवाज वेगवेगळे घेऊन शेवटी एकत्र करता येतात, एवढं मला हळूहळू समजलं. प्रत्येक यंत्रावर उशीचा अभ्रा घातलेला असे. माझ्या खोलीतल्या उशीला अभ्रा नव्हता. ताल देणाऱ्या डब्याला होता, आणि त्यावर मोरही विणलेला होता.

घरातला एकमेव कूलर दिवाणखान्यात होता. तो माणसांसाठी नव्हता. जुना सिंथेसायझर तापला की त्याचा सूर सरकतो, म्हणून कूलर त्याच्यासाठी. पण रेकॉर्डिंग सुरू झालं की कूलरचा घरघराट टेपवर येतो, म्हणून तो बंद करावा लागे. मग गाणाऱ्याला काकू बजावत, "लवकर आटपा. हे मशीन तापलं की सूर सोडतं. तुम्ही न तापताच सोडता."

गाणारे बहुतेक निवृत्त. नागपुरात माणूस निवृत्त झाला की सकाळी फिरायला जातो आणि संध्याकाळी कराओकेवर गातो, असं मला तिथं राहून वाटायला लागलं. काकूंकडे येणारा चौघांचा एक गट ठरलेला होता. त्यांच्यातले सगळ्यात नियमित आणि सगळ्यात बेसूर म्हणजे गोतमारेकाका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मूळचे कळमेश्वरचे, स्वभावानं इतके गरीब की पायपुसणं सरळ करून मग त्यावर पाय पुसायचे.

"गोतमारे साहेब," काकू म्हणायच्या, "तुम्ही एवढी धरणं बांधली, मग सुराची गळती काहून थांबवता येत नाही?"

"मॅडम, धरणं बी गळतच होती," गोतमारेकाका प्रामाणिकपणे सांगायचे.

काकूंच्या बोलण्यावर कोणी रागवत नसे. त्यांचा कान पक्का आहे, ही सगळ्यांची खात्री होती. शेजारच्या घरात फोडणीला जिरं पडलं की मोहरी, हे त्या आवाजावरून सांगत. त्यांच्यापाशी दुसरं होतं काय? मुलाचा रविवारी फोन, गुडघेदुखी, आणि हा कान. त्यावर त्यांचा दिवस चाले, त्यावरच त्यांचा तोरा. आणि मी राहायला गेले त्या वर्षी नेमका तो कानच जात होता. त्यांना ते माहीत नव्हतं. आणि ज्यांना ऐकू येत होतं, त्यांना आपण काय ऐकतोय हे कळत नव्हतं.

पण ते सांगण्याआधी लाल दिव्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर काकू कशा काम करायच्या ते लक्षात येणार नाही.

दिवाणखान्याच्या दारावर एक लाल दिवा होता. तो लागला की रेकॉर्डिंग सुरू, असं सगळे समजत. "आधी एकदा नुसतं म्हणून पाहा," काकू सांगत. गाणारा हातपाय मोकळे सोडून, मध्येच खाकरून, मजेत म्हणे. मग काकू गंभीर चेहऱ्यानं दिवा लावत. त्याबरोबर गाणारा आखडून जाई, कॉलर नीट करी, डोळे मिटी आणि गाण्याचं वाटोळं करी. काकू शेवटी म्हणत, "वा. हेच ठेवू."

मला बरेच दिवसांनी कळलं की दिवा लागलेला असताना टेप बंद असे. टेप फिरायची ती आधीच्या 'नुसतं म्हणून पाहा'ला. लोक घरी जाऊन कॅसेट ऐकत आणि स्वतःवरच खूश होत.

"काकू, ही फसवणूक नाही का?" मी एकदा धीर करून विचारलं.

"फसवणूक कशी? मी दिवा लावते. दिव्याचा अर्थ ते लावतात."

दिवाळीनंतरच्या कॅसेटींमध्ये एक आवाज यायला लागला. कढईत सतत काहीतरी तळत असल्यासारखी बारीक खरखर. गाणाऱ्याचा 'स' सुईसारखा टोचायचा. मी याआधी असं रेकॉर्डिंग कधी ऐकलेलं नव्हतं. आमच्याकडे टेपरेकॉर्डर होता तो मी जन्मायच्या आधीच बिघडलेला. त्यामुळे मला वाटलं, हे असंच असतं. आता समजतं, की काकूंना बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे झाले होते. आपल्याला कमी येतंय म्हणजे टेपवरच कमी आहे असं समजून त्या ट्रेबलचं, म्हणजे उंच आवाज वाढवायचं, बटण दर वेळी थोडं आणखी फिरवत होत्या. ट्रेबल वाढला की खरखरही वाढते.

एखाद्यानं सरळ सांगितलं असतं तर? पण त्यांना सरळ सांगायची कोणाची हिंमत होती! शिवाय लोकांना ते आवडायला लागलं होतं. गटातल्या एकानं आपलं गाणं व्हॉट्सॲपवर टाकलं आणि त्याच्या पुण्याच्या भाच्यानं कळवलं, 'मामा, काय विंटेज साउंड आहे! एकदम जुन्या जमान्यातला!' झालं. त्या दिवसापासून खरखरीला मान आला. ज्याच्या गाण्यात जास्त खरखर तो भाव खाऊ लागला.

संक्रांतीच्या सुमारास तो भाचाच आला. दाढी, पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी. जुन्या यंत्रांचे व्हिडिओ करायचा. दिवाणखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं छातीवर हात ठेवला. मग एकेक अभ्रा काढून तो त्याची नीट घडी घालू लागला.

"काकू, डिजिटलमध्ये सगळं आहे, पण या आवाजातली ऊब नाही."

"ऊब पाहिजे तर मे महिन्यात ये. नागपुरात फुकट मिळते."

तो खूप हसला. मग हेडफोन लावून त्यानं गोतमारेकाकांचं गाणं ऐकलं, डोळे मिटून. मला वाटतं गोतमारेकाकांचं गाणं डोळे मिटून ऐकणारा तो पहिलाच.

"आणि ही खरखर! ही तर जान आहे याची. मुद्दाम ठेवली ना?"

"कोणती खरखर?" काकूंनी विचारलं.

तो इतका हसला की त्याला हेडफोन काढावे लागले. "कोणती खरखर! मस्त!" गटातले चौघेही हसले. काकू जन्मभर असंच बोलत आल्या होत्या, त्यामुळे त्यांनी एकदा खरोखर प्रश्न विचारला तर तो ओळखायचा कसा? मीही हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी हेडफोन उचलून कानाला लावले, थोडा वेळ ऐकलं आणि खाली ठेवले.

"ही आजकालची पोरं," एवढंच म्हणाल्या.

पुढे महिनाभर काकू नेहमीपेक्षा जास्त बोलल्या. एकाला म्हणाल्या, तुमचा गळा म्हणजे महापालिकेचा नळ, येतो तेव्हा नको तिथून येतो. दुसऱ्याला म्हणाल्या, तुम्ही गाताना बायको कुठे जाते ते सांगा, म्हणजे मीही तिथे जाईन. आणि मग एका रविवारी दुपारी त्यांनी जाहीर केलं, "आज गाणं नाही. आज परीक्षा."

त्यांच्याकडे शिट्टीसारखा आवाज देणारं एक यंत्र होतं. टेपरेकॉर्डर तपासायला वापरायच्या. बटण फिरवलं की शिट्टी आधी जाड, मग बारीक, मग अतिबारीक होत जाई. म्हातारपणी बारीक शिट्टी आधी ऐकू येईनाशी होते. "कोणाचे कान किती म्हातारे झाले ते बघू या. डोळे मिटा. आवाज येतोय तोवर हात वर. गेला की खाली. आणि लबाडी नाही, पेन्शन घेणाऱ्यांनो."

चौघांनी हात वर केले. शाळेतल्या मुलांसारखे ओळीनं बसलेले, डोळे घट्ट मिटलेले. मी कोपऱ्यात स्पीकरच्या शेजारी होते. काकूंनी बटण फिरवायला सुरुवात केली. जाड शिट्टी, मग रेल्वेची, मग कुकरची, मग आणखी वर. चारही हात तसेच.

काकूंनी हात थांबवला. त्यांच्या चेहऱ्यावर विजय होता.

"संपलं. खाली करा."

कोणी हात खाली केला नाही. शिट्टी तर चालूच होती, कानात दाभण खुपसल्यासारखी.

"अरे, खाली करा म्हणते ना! हा आवाज आता कुत्र्यालासुद्धा ऐकू येत नाही, आणि तुमचे हात वर! काय गा, गोतमारे साहेब, तुम्हीसुद्धा? मी तुम्हाला बेसूर समजत होते, लबाड नव्हते समजत."

गोतमारेकाकांनी डोळे उघडले. त्यांनी यंत्राकडे पाहिलं. बटण अर्ध्यावरसुद्धा आलेलं नव्हतं. मग त्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. आणि हळूहळू हात खाली घेतला.

"हो मॅडम. नाही येऊन राहिला. सवयीनं वर होता."

बाकीच्यांनी एक डोळा उघडून गोतमारेकाकांकडे पाहिलं. एकामागून एक तिन्ही हात खाली आले. "नाही बा," एक जण म्हणाला. "मले तर केव्हाचाच नाही."

"कबूल केलंत, बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

मी दोन्ही कानांत बोटं घातली होती. मला ते कळलंही नव्हतं. शिट्टी इतकी टोचत होती की बोटं आपोआप गेली. काकूंनी माझ्या बोटांकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं. मग त्यांनी यंत्र बंद केलं, आणि शिट्टी थांबल्याबरोबर त्या चौघांचे खांदे एकदम सैल पडले. तेही काकूंनी पाहिलं.

"चहा ठेव, सावनेर," त्या म्हणाल्या. "साखर जास्त घाल. आज सगळे खोटं बोलून दमले आहेत."

लोक गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

"कोणती खरखर?"

या वेळी मी हसले नाही. कढईत तळल्यासारखी, असं सांगितलं. दिवाळीनंतरच्या सगळ्या कॅसेटींत आहे, हेही सांगितलं.

"आणि कोणी काही बोललं नाही."

"सगळे विंटेज म्हणून राहिले होते, काकू. मले वाटलं, चांगलंच असन."

काकूंनी पदर सारखा केला. "चला," त्या म्हणाल्या, "म्हातारपणाला एक चांगलं नाव सापडलं."

कानाच्या दवाखान्यासाठी रामदासपेठेबाहेर जायची गरज नव्हती. गल्ली ओलांडली की दोन. मी सोबत गेले. तपासणाऱ्या मुलीनं त्यांना काचेच्या छोट्या खोलीत बसवून हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. काकूंनी लगेच तक्रार केली, "तुमच्या या खोलीत पंख्याची घरघर येते. अशा खोलीत रेकॉर्डिंगसुद्धा करणार नाही मी."

"मावशी, पंखा नाहीये आत."

काकूंनी वर पाहिलं. खरंच नव्हता. मग त्या शेवटपर्यंत मुकाट्यानं बटण दाबत राहिल्या. मला त्यांना असं पाहणं जड गेलं.

कानात घालायचं यंत्र आलं. "सगळा जन्म डिजिटलला शिव्या दिल्या," काकू म्हणाल्या, "शेवटी तेच कानात येऊन बसलं." त्यानं बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागलं, कुकरची शिट्टी, दारावरची बेल, माझ्या चपलांचा आवाज. "तू इतका आवाज करत चालतेस? मी तुला गरीब समजून खोली दिली होती." पण सिंथेसायझरसमोर बसल्या आणि एकच स्वर दाबून धरला, तेव्हा तो त्यांना पत्र्यावर थरथरल्यासारखा ऐकू आला. यंत्र घातलं तर सूर खोटा वाटतो. काढलं तर अर्धा गायब. दोन-तीन दिवस त्यांनी घालून-काढून पाहिलं. मग एका सकाळी सगळ्या यंत्रांवर अभ्रे चढवले, गटाला फोन करून सांगितलं की आता येऊ नका, आणि दिवाणखान्यात बसून वर्तमानपत्र वाचायला लागल्या. मला वाटतं, वर्तमानपत्राला त्यांच्यासारखा वाचक झेपत नसावा. त्या बातम्यांशीसुद्धा त्याच सुरात बोलायच्या. पण उत्तर द्यायला समोर कोणी नसे.

गट एका तरुण मुलाच्या स्टुडिओत जाऊ लागला. तिथे एसी होता आणि गाणाऱ्याचा चुकलेला सूर कॉम्प्युटर दुरुस्त करून द्यायचा. एप्रिलमध्ये एक दिवस गोतमारेकाका आमच्या दारात उभे राहिले. पायपुसणं सरळ केलं, पाय पुसले, तरी आत येईनात.

"काय झालं?" काकूंनी विचारलं. "एसीनं घसा बसला?"

"मॅडम, त्या पोरानं माहा आवाज पुरा सुरात करून देल्ला."

"मग पेढे आणायचे."

"घरी लावला. बायको म्हणे, हे कोण गाऊन राहिलं?" गोतमारेकाका खाली पाहत म्हणाले. "मी म्हटलं, मीच हावो. ते म्हणे, नाही, तुमी नाही. नातीनं बी नाही वळखलं."

काकूंनी वर्तमानपत्राची घडी घातली. "आणि माझ्याकडे गाऊन काय होणार? मला ऐकू येत नाही, तुम्हाला गाता येत नाही. एवढंच कमी होतं."

"तेच म्हणतो मी, मॅडम," गोतमारेकाका म्हणाले. त्यांना ते खरोखर पटलं असावं. ते तसेच उभे राहिले.

काकू त्यांना आत या म्हणाल्या नाहीत. जा असंही म्हणाल्या नाहीत.

माझी परीक्षा संपली आणि खोली सोडायचा दिवस आला. ऊन असं होतं की गेटचा कोयंडा हातात धरवत नव्हता. सामान ऑटोत ठेवून मी किल्ली द्यायला आत गेले. दिवाणखान्याचं दार अर्धवट उघडं होतं. कूलर बंद. गोतमारेकाका माइकसमोर, सदरा पाठीला चिकटलेला. काकूंनी कानातलं यंत्र काढून वाटीत ठेवलं होतं, आणि त्या आपल्या डोक्यावरचे हेडफोन काढून गोतमारेकाकांच्या डोक्यावर चढवत होत्या.

"मी ट्रेबल फिरवते. कुठे थांबायचं ते तुम्ही सांगा."

"मी? मॅडम, मले काय समजते त्यातलं?"

"तुम्हाला काही समजत नाही हे मला माहीत आहे. ऐकू येतं ना? तेवढं पुरे."

त्यांनी बटण फिरवायला सुरुवात केली. पण त्या बटणाकडे पाहत नव्हत्या. त्या गोतमारेकाकांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"कमी करा... अजून... जरा अजून, मॅडम... बस."

"नक्की?" काकूंनी विचारलं. मोठ्यानं विचारलं, ऐकू न येणारी माणसं विचारतात तसं. एवढ्या महिन्यांत मी त्यांना कोणाला असं विचारताना पाहिलं नव्हतं.

"नक्की." मग गोतमारेकाकांनी मान तिरपी केली. "पण मॅडम, बाहेर काई तरी फडफड फडफड होऊन राहिलं."

काकूंनी दाराकडे पाहिलं आणि त्यांना मी दिसले. त्यांनी हातानंच खूण केली, बंद कर ते. मी किल्ली टेबलावर ठेवली, दार लावून घेतलं आणि बाहेर पळाले.

"भाऊ, इंजिन बंद करा."

"काहून?" ऑटोवाल्यानं विचारलं. "निघायचं नाही का?"

"आत रेकॉर्डिंग सुरू आहे."

त्यानं इंजिन बंद केलं. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आतून गोतमारेकाकांचा आवाज येऊ लागला. ऑटोवाल्यानं खिडकीच्या दिशेनं कान केला, जरा वेळ नीट ऐकलं, आणि माझ्याकडे वळला.

"ताई, हे काका तर बेसूर गाऊन राहिले."

"हो," मी म्हणाले. "पण हळू बोला."